टायरमधली काजळी

रबराचा चीक पांढरा असतो. टायर काळा होतो तो काजळीमुळे. कारखान्यात हिला कार्बन ब्लॅक म्हणतात आणि टायरच्या वजनात साधारण चौथा हिस्सा हिचाच. पण हिला नुसता रंग समजणं म्हणजे हिच्यावर अन्याय. हिचे अतिसूक्ष्म कण द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना धरून राहतात आणि रबराला आतून बळ देतात. ही नसती तर डांबरी रस्त्याने टायर केव्हाच खाऊन टाकला असता.

टायर भंगारात जातो, हिच्यातला दम मात्र शिल्लक असतो. बंद भट्टीत, हवा लागू न देता, चार-पाचशे अंशांवर टायर तापवला की रबराची वाफ होते आणि ती निवून तेल मिळतं. मागे राहतात पोलादी तारा आणि ही. चिमूटभर घेऊन चोळून पाहा. नवी काजळी बोटांच्या रेषांत मऊ शिरते, ही किंचित खरखरते. टायरमधल्या जस्ताची आणि सिलिकाची राख हिच्या अंगाला चिकटलेली असते. म्हणून नव्या टायरमध्ये हिला फारसं कोणी घेत नाही. रबरी चटया आणि मडफ्लॅपमध्ये मात्र ही निमूट राबते.

खरं तर हिची ऐपत मोठी आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2014 साली टायरचा भुगा आधी गरम, तीव्र गंधकाम्लात मुरवला, धुतला आणि मगच भट्टीत घातला. रबराला आयुष्यभर बांधून ठेवणारं गंधक इथे आम्लाच्या रूपात पुन्हा कामी आलं. त्यातून मिळालेल्या कार्बनपासून लिथियम-आयन बॅटरीचा ॲनोड झाला आणि शंभर वेळा चार्ज होऊनही तो ग्रॅफाइटच्या तोडीस तोड ठरला.

आपल्याकडे पालघरच्या वाडा तालुक्यात टायर तापवणाऱ्या अशा भट्ट्या आहेत. भट्टी पुरती निवायच्या आत दार उघडलं, तर हीच काजळी हवा लागताच पेट घेते. घमेल्याने उपसली, तर उपसणाऱ्याच्या छातीत जाऊन बसते. याचा मला संताप येतो, कारण यात तिचा काहीच दोष नाही. बंद नळीतून थंड करत बाहेर काढली, पाणी घालून तिचे दाणे वळले, की ती उडत नाही. 2022 पासून जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने टायर कंपन्यांवर आहे. त्यांनी टनांचा हिशेब जरूर ठेवावा, पण त्याआधी भट्टीचं दार कोण उघडतं आणि त्याच्या तोंडाला मास्क आहे का, ते जाऊन पाहावं.