कामचुकार कोणाला म्हणावे?

गिरणीत असताना काही वर्षे आम्ही जॉबर होतो. कुणाचे हात सैल पडले की आमचे वाक्य ठरलेले असे, "काय वेठ मारल्यासारखं काम करतोस रे?" एकदा घरी जेवताना हेच वाक्य आम्ही थोरल्या मुलाला बोललो. आमच्या वडिलांचा घास हातातच राहिला. गावी तरुणपणी साहेबाचे सामान डोक्यावरून पुढच्या गावापर्यंत नेण्याची वेठ त्यांनी केली होती. ते एवढेच म्हणाले, "वेठ मारणारा आळशी नसतो बाबा. त्याला कुणी विचारून कामाला लावलेलं नसतं."

वडील गेले. आम्हीही निवृत्त झालो. त्यांचे शब्द पुन्हा आठवले ते दुसऱ्या महायुद्धातील सक्तीच्या मजुरांविषयी वाचताना.

जर्मनीचे पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांना माणसे कमी पडू लागली. मार्च १९४२ मध्ये हिटलरने फ्रिट्झ साउकेल याला मजूर पुरवण्याच्या कामावर नेमले. पोलंड, युक्रेन, रशिया, हॉलंड अशा जिंकलेल्या मुलखांतून माणसे आणली गेली. कित्येकांना रस्त्यावरून धरून आगगाडीत कोंबले. फ्रान्समध्ये तर फेब्रुवारी १९४३ मध्ये सक्तीचा कायदाच झाला. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनीत परदेशी मजूर आणि राबणारे युद्धकैदी मिळून सुमारे ७६ लाख होते. पोलिश मजुराच्या छातीवर 'पी' अक्षराचा बिल्ला, तर सोव्हिएत मुलखातून आणलेल्याच्या छातीवर 'ओस्ट', म्हणजे 'पूर्व'. माणसावर खूण लावण्याचा अर्थ आमच्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

युद्ध लांबत गेले तशा कारखान्यांच्या तक्रारी वाढल्या. मजूर उशिरा येतात, आजाराचे निमित्त करतात, संडासात वेळ काढतात, पळून जातात. साहेबांनी त्याला नाव दिले कामचुकारपणा. त्यासाठी खास सुधार-छावण्या काढल्या. तेथे जास्तीत जास्त ५६ दिवस मारझोड आणि मरणाचे काम, मग परत कारखान्यात. कायमचे डांबले तर यंत्रावर उभे कोण राहणार? बरेचजण परतले ते काम करण्याच्या अवस्थेतच नव्हते.

आता त्यांचा दिवस पाहा. पातळ सूप, थोडा पाव, बारा-बारा तासांची पाळी, मजुरीतून कापाकापी, तारेच्या कुंपणातील बराकी आणि रात्री विमानांचे बॉम्ब. पुढे काही ठिकाणी कमी काम करणाऱ्याचे अन्न कापून जास्त करणाऱ्याला देऊ लागले. म्हणजे जो अशक्त, तोच आणखी उपाशी!

काहींनी मात्र जाणूनबुजून हात आखडला. जर्मनांच्या ताब्यातील चेक मुलखात 'हळू काम करा' असा संदेश फिरला. त्याची खूण होती कासव. सप्टेंबर १९४१ मध्ये प्रागला आलेल्या हायड्रिखने एका हाताने फाशी दिली आणि दुसऱ्या हाताने कामगारांचे रेशन वाढवले. पोटाला मिळाले की हात चालतात, हे त्या जुलमी माणसालाही कळत होते.

पण सारेच बंडखोर होते असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेकजण भुकेले आणि थकलेले होते. भुकेने हात थांबला की रागाने, हे साहेबाला ओळखता येत नव्हते. ओळखायची त्याला गरजही वाटत नव्हती. न्युरेंबर्गच्या न्यायालयाने साउकेलला दोषी ठरवले. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी त्याला फाशी झाली.

त्याच युद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४६ पर्यंत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पुढे संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. आमच्या वडिलांचे दुःख त्या कलमात आहे.

हे वाचताना आम्हाला आमच्या खात्यातील एक बदली कामगार आठवला. साच्यापाशी उभ्या उभ्या डुलक्या घेई. आम्ही त्याची तक्रार केली आणि त्याचा रोज बुडाला. नंतर कळले, काम मिळेल या आशेने तो तिन्ही पाळ्यांना गेटवर येऊन उभा राही. झोपणार केव्हा? तो काही सक्तीचा मजूर नव्हता, पण आमचा शब्द त्या साहेबांचाच होता.

बंधू-भगिनींनो, घरात असो वा कामावर, कुणाला कामचुकार म्हणण्याआधी एवढे विचारा : जेवलास का? झोपलास का? कामाचे दाम मिळाले का? आम्ही विचारले नाही. त्याची खंत आजही आहे.