मुके निमंत्रण

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने एका वयोवृद्ध शिक्षकांचा सत्कार योजला. निमंत्रण ई-मेलने धाडण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले. मजकूर घटकाभरात जमला. परंतु उज्जैनच्या सरकारी शाळेत आमचा हात बसलेला कृतिदेव टंकावर. तो मजकूर पत्रात उतरवताच देवनागरीची निरर्थक रोमन अक्षरे झाली. तेव्हा महिरप, समई, गणपती यांसह सगळ्या पत्रिकेचेच एक चित्र करून आम्ही पाठवून दिले. विषयाच्या जागी लिहिले, ‘महत्त्वाचे’.

संध्याकाळी सत्कारमूर्तींचाच दूरध्वनी आला. त्यांची दृष्टी गेली आहे. मोबाइल त्यांना पत्रे वाचून दाखवतो. “हेडमास्तर, यंत्र नुसते ‘चित्र’ म्हणाले आणि गप्प बसले. कुणाचे काही बरेवाईट तर नाही ना?”

आम्ही खजील झालो. ज्यांच्या सन्मानाचे पत्र, त्यांनाच ते मुके!

इंदूरला संगणकाचे काम करणाऱ्या भाचीने मग आमची शिकवणी घेतली. कित्येक टपालपेट्या चित्रे आपणहून उघडत नाहीत. तेथे आमच्या महिरपीच्या जागी रिकामी चौकट दिसली असणार. म्हणून मजकूर युनिकोडमधील खऱ्या अक्षरांत हवा, चित्र असलेच तर लहान, आणि त्यामागे त्याचे वर्णन करणारी ओळ. रुंदी सुमारे ६०० पिक्सेल, एकच स्तंभ, अक्षर ठसठशीत. सोबत बिनसजावटीची साधी प्रत. पत्राचा संकेत-मजकूर १०२ किलोबाइटच्या वर गेला, तर जीमेल शेपूट छाटते. आमचा कार्यक्रमाचा पत्ता नेमका शेवटीच असतो! गंमत म्हणजे, संकेतस्थळांनी मांडणीसाठी केव्हाच टाकून दिलेली कोष्टके येथे अजून उपयोगी पडतात, कारण विंडोजवरील आउटलुक २००७ सालापासून बराच काळ पत्रे वर्डच्या यंत्रणेने दाखवीत आले.

हे ऐकताना आम्हांला शिंदेशाहीतले मोडी कागद आठवले. कारकून आधी आडवी रेघ ओढी, मग तिला अक्षरे टांगी. नक्षीचे पुढे पाहता येई.

दुसरे पत्र गेले. विषयात या वेळी सत्काराची तारीख आणि वेळ होती. रात्री पुन्हा दूरध्वनी. “ऐकले सगळे. ‘सस्नेह’ दोनदा आले आहे. एक गाळा.”

आम्ही गाळला.