वाटेवरचा विसावा

चंद्रपुराहून गडचिरोलीस जातांना मूलच्या स्थानकावर एस्‌.टी. थांबली, कीं उतारू चहा घेतात. त्या चहावर गांवांतलीं कित्येक घरें चालतात, हें आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

१९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमानें रस्त्यालगतचें बांधकाम व रस्त्यावर येण्याजाण्याची वाट यांचें नियंत्रण सरकारकडे दिलें. (आमचा जिल्हा तेव्हां मध्यप्रदेशांत होता, मुंबई राज्यांत तो १९५६ सालीं आला.) ५ जून २०२५ रोजीं पुऱ्या झालेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धि महामार्गावर ठरल्या द्वारांशिवाय कोणासहि शिरतां येत नाहीं, मग चहाची टपरी कोठून शिरणार? तसाच मार्ग चंद्रपूर व गडचिरोलीकडे आणण्याची योजना आहे.

रस्ता नको, असें मी म्हणणार नाहीं. आजाऱ्यास नागपूर लवकर गांठतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु संस्कृतांत जिला प्रपा म्हणतात ती पाणपोई बांधणें हें पुण्यकर्म मानीत. आतां विसाव्याची जागा ठेक्यानें दिली जाते. तेथील कांहीं गाळे मूल-सावलीच्या बचत गटांस, तांदूळ व मोहफुलें विकणाऱ्यांस राखून ठेवावे, अशी अट कायद्यांतच हवी. ठेकेदाराच्या मर्जीवर ती सोडूं नये.

आमच्या सूनबाई विचारतात, “मामंजी, अर्ज कोणाच्या नांवें करावयाचा?” मसुदा तर मीं लिहावयास घेतला आहे, मायना तेवढा कोरा आहे.