अंतिम सामन्यांतील दुसरें नांव

१८७७ सालीं लंडनजवळ विंबल्डन येथें हिरवळीवरील टेनिसची पहिली स्पर्धा झाली. २२ खेळाडू उतरले आणि स्पेन्सर गोर विजयी झाला. टेनिसचा इतिहास चाळणाऱ्यास हें नांव ठाऊक असतें. परंतु अंतिम सामन्यांत त्याच्यासमोर विल्यम मार्शल नांवाचा गृहस्थ उभा होता, हें कितीजणांस सांगतां येईल?

आम्हीं आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. रॅकेट कधीं हातीं धरिली नाहीं. निवृत्तीनंतर मात्र जुलै महिना आला कीं घरच्या तरुण मंडळींबरोबर आम्हीही दूरदर्शनसंचासमोर बसूं लागलों. मंडळींचे डोळे करंडक उंचावणाऱ्याकडे असतात. आमचे त्याच्या शेजारीं अवघडून उभ्या राहिलेल्या दुसऱ्याकडे जातात.

पूर्वीं तर गतवर्षीचा पुरुष विजेता बाकीच्या स्पर्धेंत उतरतच नसे. इतर सर्वांना हरवून जो वर येई, त्याच्याशीं तो ताज्या दमानें एकच सामना खेळे! १९२२ पासून ही रीत बंद झाली, हें न्यायाचेंच झालें.

जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम १९३५, १९३६ व १९३७ अशीं लागोपाठ तीन वर्षें अंतिम सामना हरला. ऑस्ट्रेलियाच्या केन रोझवॉलची कथा याहून लांब आहे. १९५४ मध्यें तो हरला, १९५६ मध्यें हरला. पुढें धंदेवाईक खेळाडू झाल्यामुळें १९६८ पर्यंत त्यास या स्पर्धेचें दार बंद होतें. परत आल्यावर १९७० व १९७४ मध्यें पुनः अंतिम सामना आणि पुनः पराभव. चवथ्या वेळीं तो ३९ वर्षांचा होता, समोरचा जिमी कॉनर्स २१ वर्षांचा. वीस वर्षांच्या अंतरानें त्याच सामन्यापर्यंत पोंचणाऱ्या या माणसाचें नांव एकेरीच्या विजेत्यांत नाहीं.

मध्यवर्ती मैदानाकडे जाणाऱ्या दारावर किप्लिंगच्या एका कवितेच्या ओळी आहेत. हा कवि १८६५ सालीं आपल्या मुंबईंत जन्मला. त्या ओळींचा आशय गीता वाचलेल्या मनुष्यास नवा वाटावयाचा नाहीं. पण उपदेश दारावर लिहिणें निराळें, आणि हरून त्याच दारांतून परत जाणें निराळें.

याना नोव्होत्ना या चेक खेळाडूस विचारावें. १९९३ सालीं स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्यें ती ४-१ नें पुढें होती. सर्व्हिस तिचीच. आणखी एक गुण, कीं ५-१! तेथेंच तिच्या दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि मग चुकतच गेल्या. पुढचे पांचही गेम ग्राफनें घेतले. पारितोषिक देतांना डचेस ऑफ केंट कांहीं बोलल्या, तों हिचा बांध फुटला आणि त्यांच्या खांद्यावर डोकें ठेवून ती रडली.

आमच्या घरांत एका मुलीची शिष्यवृत्ती अशीच थोडक्या गुणांनीं हुकली. काका, मामा, आत्या, सर्वांनीं तिला कोठें चुकलें तें समजावून सांगितलें. आम्हीं चाळीस वर्षें निकाल वाचून दाखविलेले. आम्हांस कांहीं सुचेना. तिच्या आजीनें मात्र कांहीं न विचारतां तिला पोटाशीं धरिलें. ती रात्रीं जेवली ती त्यामुळेंच, असें आमचें मत आहे.

नोव्होत्ना १९९७ मध्यें पुनः अंतिम सामन्यांत आली आणि सोळा वर्षांच्या मार्टिना हिंगिसकडून हरली. १९९८ मध्यें मात्र तिनें नाताली तोझियाचा पराभव केला, आणि त्याच डचेसबाईंच्या हातून तिला विजेतेपदाचें पारितोषिक मिळालें. २०१७ सालीं ती वारली. वय अवघें ४९. आजही तिचें नांव निघालें कीं मंडळींना आधीं १९९३ आठवतें, १९९८ मागाहून.