मुका गंधार

एखादी कला अंगी नसली म्हणजे त्या कलेची साधने दुरुस्त करण्याची मनुष्याला विशेष हौस असते, असे माझे मत आहे. मला गाता येत नाही. निदान गेली पन्नासाहून अधिक वर्षे मी तसे समजून चाललो आहे. म्हणूनच की काय, गेल्या वैशाखात अकोल्यास गेलो असता आक्काने एक धुळकट पेटारा माझ्यापुढे सरकवला आणि ती म्हणाली, "तुला सुतारकामाचा नाद आहे ना? मग हे बघ," तेव्हा मला नाही म्हणवले नाही.

पेटाऱ्यात काष्ठतरंग होते. नोकरीतून मोकळी झाल्यावरही आक्का एका प्राथमिक शाळेत आठवड्यातून दोन दिवस गाणे शिकवते. तेथील हे वाद्य. जलतरंगाचे नाव सर्वांस ठाऊक असते. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग घडवले, ही हकीकतही पुष्कळांनी ऐकलेली असते. काष्ठतरंग हे त्याच कुळातले, पण गरीब घरचे भावंड. षड्‍जापासून तार षड्‍जापर्यंत आठ लाकडी पट्ट्या, आणि वाजवायला दोन काठ्या. एवढाच त्याचा संसार. या वाद्याची जागा वर्गात पिण्याच्या पाण्याच्या माठांखाली होती! धैवताची पट्टी हरवली होती, आणि गंधाराच्या पट्टीवर काठी मारली की स्वराऐवजी पाटावर लाटणे आपटल्यासारखा 'टप्' असा आवाज निघे. मुले मात्र मोठी प्रामाणिक. धैवताची पाळी आली की ती रिकाम्या जागेवर, हवेत काठी मारून निषादाकडे जात, असे आक्काने सांगितले. मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी तो पेटारा मांडीवर घेऊन अमरावतीस आलो. वऱ्हाडातला वैशाख ज्याने सोसला आहे त्याला लाकडाचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. उन्हाळ्यात ते आटते, त्याला चिरा पडतात. पावसाळ्यात ते ओल पिऊन जड होते आणि त्याचा स्वर किंचित उतरतो. त्यात माठांचा शेजार! पट्ट्यांखालची लोकर तर कसरीने केव्हाच फस्त केली होती. जुन्या घोंगडीच्या चिंध्या कापून मी तेथे बसवल्या आणि मग मुक्या गंधाराकडे वळलो.

माझी समजूत अशी, की लाकूड आतून किडले असावे. पट्टी सोडवून मी ती चिमटीत सैलशी धरली आणि सहज टिचकी मारली. काय आश्चर्य! स्वच्छ, गोल गंधार उमटला. लाकडात काहीच वैगुण्य नव्हते. कोणा उत्साही गृहस्थाने पट्टी हलू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना नवी भोके पाडून स्क्रू घट्ट आवळले होते.

पट्टीला आधार कोठे द्यावा याचे एक शास्त्र आहे, आणि ते रांगोळीने शिकता येते. पट्टी दोन मऊ घड्यांवर ठेवून तिच्यावर चिमूटभर रांगोळी भुरभुरावी आणि मध्यभागी हलक्या हाताने ठोकत राहावे. रांगोळीचे कण नाचत नाचत दोन आडव्या रेषांवर गोळा होतात. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने १७८७ साली धातूच्या तबकड्यांवर वाळू टाकून असाच खेळ जगाला दाखवला होता. पट्टीच्या कंपात या दोन रेषा तेवढ्या स्थिर राहतात. त्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या शेकडा सुमारे २२ अंतरावर पडतात. ३० सेंटिमीटरांची पट्टी असेल तर टोकापासून सुमारे पावणेसात सेंटिमीटरांवर. तेथे आधार द्यावा, तोही सैल. टोके तर सर्वांत अधिक हलतात. तीच बांधली, तर स्वर यावा कोठून?

हातातले काम थांबले. चौथीच्या वर्गात असताना प्रार्थनेच्या वेळी एका गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले होते, "तू नुसते ओठ हलव, बाळ. आवाज काढू नकोस." ते रागाने बोलले नव्हते, तपासणीचा दिवस होता, आणि त्यांना प्रार्थना नीट व्हावी एवढेच हवे होते. त्या दिवसापासून मी ओठ हलवत आलो. घरच्या आरत्यांत, लग्नातल्या मंगलाष्टकांत, आईच्या शेवटच्या आजारात तिने भजन म्हण म्हटले तेव्हाही. त्या वेळी तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले होते. ती काही बोलली नाही.

असो. धैवत नव्याने करावयाचा होता. आजोबांच्या मोडक्या शिसवी पलंगाची एक फळी माळ्यावर होती. जुने लाकूड आपले आटणे-फुगणे बरेचसे आटोपून बसलेले असते. येथे गणिताची एक गंमत आहे. तार निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो. पट्टी निम्मी केली तर, जाडी तीच असता, तो दोन सप्तके चढतो. म्हणून षड्‍जाची पट्टी ३० सेंटिमीटर असेल, तर त्याच जाडीचा धैवत २३ सेंटिमीटरांच्या किंचित वर येतो. पण लाकडाने गणित वाचलेले नसते. माझा धैवत चढा निघाला. स्वर उतरवण्यासाठी पट्टी खालून, मध्यावर, कानशीने घासावी लागते. मी घाई केली, आणि धैवत उतरत उतरत कोमल धैवताच्या दाराशी जाऊन उभा राहिला. यावर उपाय आहे: टोके किंचित कापली की स्वर पुन्हा चढतो. आक्काच्या हार्मोनियमशी मेळ बसेपर्यंत मी ती केसाकेसाने घासत राहिलो. चूक सुधारली, पण फुकट नव्हे. प्रत्येक सुधारणेला थोडे थोडे लाकूड द्यावे लागले.

पावसाला सुरुवात झाल्यावर शाळा उघडली, आणि मी पेटारा घेऊन अकोल्यास गेलो. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराने १९२४ पासून म्युनिक येथील शाळेत जी शिक्षणपद्धती घडवली, तिच्यात पट्ट्या सुट्या असतात. नको असलेले स्वर गुरूच काढून ठेवतो, म्हणजे मुलाला चुकायला वावच राहत नाही. ते ऐकून आक्काने मध्यम आणि निषाद उचलले. उरला भूप! त्याचा वादी गंधार आणि संवादी धैवत; म्हणजे आमच्या पेटाऱ्यातले नेमके ते दोघे आजारी. इतकी वर्षे त्या मुलांच्या वाट्याला भूप आलाच नव्हता.

मागच्या रांगेतला एक मुलगा पुढे आला. त्याने गंधारावर बोट ठेवून विचारले, "आबाजी, हे पट्टी मुकी होती न जी?"

"मुकी नव्हती रे," मी म्हटले, "बांधलेली होती."

त्याने काठ्या घेतल्या. कोठेही मारले तरी भूपच! त्याला स्वतःचाच विश्वास बसेना. मग सारा वर्ग गाऊ लागला, आणि जुन्या सवयीने मीही ओठ हलवू लागलो. थोड्या वेळाने आक्काने वळून माझ्याकडे पाहिले, अगदी आईसारखे. या वेळी मात्र माझ्या घशातून काहीतरी बाहेर पडले. ते स्वरात होते की नाही, कोण जाणे. मुलांच्या गलक्यात ते कोणी वेगळे ऐकले नाही.