शिकारखान्याचे झाले अभयारण्य : दाजीपूरची एक दिवसाची सहल

कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ८० किलोमीटर अंतरावर दाजीपूर आहे. भोगावतीच्या काठची उसाची शेते आणि गुऱ्हाळे मागे पडली की राधानगरीचे धरण लागते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले हे काम त्यांच्या पश्चात पूर्ण झाले. जलाशय भरला की आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे आजही पाहण्यासारखे आहेत. धरणाच्या पुढे रस्ता वळणे घेऊ लागतो, हवा थंड होते आणि सह्याद्रीची दाट झाडी सुरू होते.

हे जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी संरक्षित झाले आणि १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राधानगरीचाही समावेश आहे. जेथे बंदुकीचा आवाज घुमत असे, तेथे आता गवा निर्भयपणे चरतो. जैन परंपरेत अभयदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. ‘अभयारण्य’ या शब्दाचा अर्थ जैन वाचकाला निराळा सांगावा लागत नाही.

पावसाळ्यात अभयारण्याचे आतील मार्ग बंद असतात. साधू-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी राहतात, त्याच काळात हे रानही प्रवाशांपासून विश्रांती घेते. त्यामुळे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सहलीला उत्तम. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून, वाटाड्या सोबत घेऊन आत जाता येते. जांभूळ, अंजन, ऐन आणि हिरडा यांची गर्द राई लागते. ज्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या हिरड्याची पोती उतरली, त्यांनाही हिरड्याचे झाड येथेच प्रथम दिसण्याची शक्यता असते. उंच फांद्यांवर शेकरू दिसते, कधी धनेशाच्या पंखांचा आवाज कानी पडतो. दर सात वर्षांनी फुलणारी कारवी उतारांवर दाटलेली असते. झाडी संपून जांभ्या खडकाचे उघडे सडे लागले की दूरवर कोकणाकडे उतरणाऱ्या डोंगररांगा दिसतात.

गवा पाहायचा तर सकाळ किंवा दुपार कलल्यानंतरची वेळ साधावी. भर उन्हात कळप सावलीत रवंथ करीत बसतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. अंग काळेभोर आणि गुडघ्यांखाली पांढरे पाय, जणू मोजे घातलेले. एवढे सामर्थ्य असलेला हा प्राणी संपूर्ण शाकाहारी आहे. मात्र तो गोशाळेतील गाय नव्हे. गाडीतून उतरणे, हाका मारणे, जवळ जाऊन छायाचित्र घेणे जिवावर बेतू शकते.

जीवदयेच्या भावनेने काही प्रवासी वानरांपुढे बिस्किटे, फरसाण, केळी टाकतात. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. वानरे रस्त्यावर येऊन वाहनांखाली सापडतात आणि पुढे माणसांच्या हातातील पिशव्या हिसकावू लागतात. पांजरपोळातील जनावराला चारा हवा असतो. वन्य जीवाला त्याचे रान आणि शांतता पुरते. डब्यातील उरलेले अन्न आणि प्लॅस्टिक घरी परत नेणे हीच येथील जीवदया.

या अभयदानाची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजतात. गवे रानालगतच्या शेतात उतरतात आणि एका रात्रीत उभे पीक तुडवून जातात. शासन नुकसानभरपाई देते. पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा शेतकऱ्याच्याच वाट्याला येते. या डोंगरांचा लाभ मात्र खालच्या सर्वांना मिळतो. येथे मुरलेले पाणी भोगावतीतून पंचगंगेत जाते आणि तिच्या काठी कोल्हापूरची बाजारपेठ व इचलकरंजीचे माग उभे आहेत. वहीच्या भाषेत सांगायचे तर हे रान मुद्दल आहे, पाणी त्याचे व्याज. व्याज खाणाऱ्याने मुद्दल राखणाऱ्याचे देणे विसरू नये. पर्युषणात जीवदयेसाठी निघणाऱ्या निधीतून एखाद्या वाडीच्या शेताला कुंपण मिळाले, तर शेतकरी आणि गवा दोघांनाही अभय लाभेल.

रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या कुटुंबांनी दुपारी चारच्या सुमारास परतीला लागावे. राधानगरीच्या जलाशयाकाठी दिवस असतानाच डबा उघडता येतो आणि सूर्य मावळण्यापूर्वी पाणी पिऊन पुढच्या वाटेला लागता येते.