कव्हरवरचा चेहरा

गाणं कानांनी ऐकायचं असतं, मग कव्हरकडे कशाला पाहायचं, असं म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली. बहुतेक मोठ्या शहरांतली. ज्यांना गाणारा समोर बसलेला पाहता येतो, मैफल संपल्यावर त्याच्या पाया पडता येतं, त्यांना हे म्हणणं परवडतं. बल्लारपुरात वाढून गडचिरोलीत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला ते कधीच पटलं नाही. आमच्याकडे आवाज आधी आला, तोही भोंग्यातून. माणूस दिसायचा तो कव्हरवरच.

बल्लारपूर हे कागदाचं गाव. इथली गिरणी १९४५ साली उभी राहिली तेव्हा तिच्या नावातच कागदासोबत पुठ्ठाही होता. जंगलातून बांबूचे ट्रक यायचे, लगद्याचा उग्र वास गावावर पसरलेला असायचा, आणि घरोघरी कुणी ना कुणी मिलमध्ये. बाबाही मिलमध्येच. शेजारच्या क्वार्टरमधल्या बंगाली काकांकडे रेकॉर्ड प्लेयर होता आणि एलपी तबकड्यांची एक रांग होती. बाबा तिथे गेले की गाणं सुरू होण्याआधी कव्हर हातात घ्यायचे, अंगठा आणि बोट यांच्यात त्याची कड धरायचे आणि म्हणायचे, "पाहा, पुठ्ठा किती जाड आहे, आणि वरचा कागद कसा गुळगुळीत." बाबांना रागदारीतलं फारसं कळत नव्हतं, पण ज्या गाण्याला एवढा चांगला कागद दिला आहे ते गाणं मन लावून ऐकलं पाहिजे, हे त्यांना कळत होतं. ते मांडी घालून शेवटपर्यंत बसायचे.

त्या रांगेत उस्ताद अमीर खाँसाहेबांची एक रेकॉर्ड होती. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. काकांनी कव्हर माझ्यासमोर धरून सांगितलं की पहिली बाजू सूर्य बुडताना ऐकायची आणि दुसरी मध्यरात्री. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी वर्धा नदीच्या काठावर उभा राहून मी पलीकडचं आभाळ लाल होताना पाहिलं आणि तो मारवा मनात वाजवला. बारा इंची चौकोनाच्या मागच्या बाजूला छापलेल्या राग, ताल, साथीदार एवढ्या माहितीने मला गाण्याची वेळ दिली, जागा दिली. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हे मी तिथे वाचायला शिकलो. बल्लारपुरात हे सांगणारा दुसरा कुणी नव्हता.

एचएमव्हीच्या रेकॉर्डवरचा तो कुत्राही तेव्हाच मनात बसला. खेड्यापाड्यांत तर ती 'कुत्र्याची रेकॉर्ड' म्हणूनच ओळखली जायची. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्लिश चित्रकाराने ते चित्र काढलं तेव्हा निपर नावाच्या त्या कुत्र्यापुढे फोनोग्राफ होता. १८९९ साली तो पुसून त्याजागी ग्रामोफोन रंगवला. यंत्र बदललं, कुत्र्याची नजर तीच राहिली. मालकाचा आवाज येतो आहे आणि मालक दिसत नाही, म्हणून तो कर्ण्यात डोकावून पाहतो आहे. ध्वनिमुद्रणाने जगातल्या प्रत्येक श्रोत्याचं जे केलं, ते त्या चित्रात आहे. आवाज शरीरापासून सुटला, आणि तेव्हापासून आपण तो चेहरा शोधतो आहोत.

सुरुवातीला कंपन्यांना हे उमगलं नव्हतं. तबकड्या साध्या भुऱ्या कागदाच्या पाकिटात किंवा एकसारख्या जाड बांधणीत विकल्या जायच्या. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९३८ साली अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या विशीतल्या तरुणाला नेमलं आणि त्याने कव्हरवर चित्रं काढायला सुरुवात केली. आतलं संगीत तेच, वादक तेच, तरी विक्री अनेक पटींनी वाढली. व्यापाऱ्यांनी त्यातून व्यापाराचा धडा घेतला. मला त्यात माणसाची तहान दिसते.

आपल्याकडे मात्र सिनेमाच्या रेकॉर्डने ही तहान भलत्याच पाण्यावर भागवली. कव्हरवर नायक-नायिका, घोडे, बंदुका, फुलं. ज्यांच्या गळ्यासाठी आपण ती रेकॉर्ड घेतली त्या लताबाई, ते रफीसाहेब मागच्या बाजूला बारीक अक्षरात. गाणं एकाचं, चेहरा दुसऱ्याचा. हे मला लहानपणीही खटकायचं आणि आजही खटकतं.

म्हणूनच चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जे पाहिलं ते माझ्यासाठी वेगळं होतं. १९५६ साली नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या चांद्यात येऊन धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यात पुढाकार होता. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथे गर्दी लोटते. पुस्तकं, मूर्ती, निळे झेंडे, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेटींच्या हातगाड्या. प्रत्येक गाडीवर स्वतंत्र टेप, प्रत्येक टेपवर वेगळं भीमगीत, सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले. त्या गोंगाटात कानांनी निवड करणं शक्यच नव्हतं. निवड डोळ्यांनी व्हायची. मध्यभागी निळ्या कोटातले बाबासाहेब, मागे बुद्ध किंवा अशोकचक्र, आणि खाली कोपऱ्यात गोल चौकटीत गायकाचा फोटो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे नामवंत तर होतेच, पण त्यांच्या शेजारी लहान गावांतून आलेले, कव्वालीच्या सामन्यांत रात्र-रात्र गाणारे गायकही होते. ज्यांचा फोटो एरवी कोणत्याही छापील कागदावर आला नसता, त्यांचा चेहरा त्या चार इंचांच्या कार्डावर बाबासाहेबांच्या पायाशी होता. फोटो ओळखून लोक म्हणायचे, "हा आपल्याकडचा पोट्टा आहे," आणि कॅसेट घ्यायचे. या कव्हरांवर भडक रंगांवरून, गर्दी झालेल्या अक्षरांवरून टीका करणारे मी ऐकले आहेत. कला म्हणून ती कव्हरं कुठे बसतात, हा प्रश्न मला गौण वाटतो. सिनेमाच्या कव्हरने जे नाकारलं ते या कार्डाने दिलं, आवाज ज्याचा चेहराही त्याचाच.

इंग्रजी संगीताच्या चाहत्यांकडून पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या रेकॉर्डचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं. काळ्या पार्श्वभूमीवर लोलक, त्यातून फुटलेले रंग, आणि दर्शनी बाजूला ना बँडचं नाव ना रेकॉर्डचं. चित्र खरोखरच सुंदर आहे. पण नाव न छापण्याचं धाडस ज्याला सगळं जग ओळखतं त्यालाच जमतं. भीमगीत गाणाऱ्याला आपलं नाव, गाव, फोटो, सगळं छापावंच लागतं. त्याच्यासाठी कव्हर हीच ओळखपत्राची जागा.

आणि ही गोल चौकट आमच्या मुलखाला नवी नव्हती. धान निघालं की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. मंडईची जत्रा किंवा शंकरपटाची बैलशर्यत असली की रात्री नाटक ठरलेलंच, आणि त्या नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. त्यांची पत्रकं पाहा. वर नाटकाचं ठसठशीत नाव, खाली रांगेने कलावंतांचे चेहरे. गावातली माणसं पानठेल्यापाशी उभं राहून ती पत्रकं बराच वेळ वाचतात आणि कुठल्या गावाला जायचं ते तिथेच ठरतं. गाणारी कोण, विनोदी काम कुणाचं, हे चेहऱ्यांवरून. झाडीपट्टीतले नाट्यकलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्ली-मुंबईला हे नाव नवं होतं. झाडीपट्टीत ते नाव आणि तो चेहरा कितीतरी हंगाम गावोगावच्या पत्रकांतून घराघरात पोचलेला होता.

आमच्या घरात छापील कॅसेटींहून भरून घेतलेल्या जास्त. चंद्रपुरात दुकानदाराला यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आठवड्याने तो गाणी भरून द्यायचा. कार्ड रेघांचं, कोरं. त्यावर ताई गाणी लिहायची. तिचं अक्षर मोत्यासारखं. गाण्यापुढे गायक, त्यापुढे कवी, त्यापुढे संगीतकार, आणि पाठीवर लहानसं पळसाचं फूल. कवीचं नाव माहीत नसेल तर ती रेडिओवर ते गाणं लागण्याची वाट पाहायची, निवेदकाने नाव सांगितलं की लिहायची. वामनदादा कर्डक हे नाव मी पहिल्यांदा तिच्या अक्षरात वाचलं. तोवर ती भीमगीतं कुणी लिहिली असतील असा विचारही मनात आला नव्हता.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा कधी कधी ४७ अंशांच्या पुढे जातो. खिडकीजवळच्या फळीवरच्या कॅसेटींची कव्हरं दोन-तीन उन्हाळ्यांत उडायची. छपाईतला पिवळा आणि लाल आधी जातो, निळा टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या कॅसेटीवरचा भगवा फेटा फिकट झाला, हातातली खंजिरी तेवढी ओळखू यायची. भीमगीतांची कव्हरं मात्र निळीच राहिली.

पुढे शिक्षक म्हणून गडचिरोली जिल्ह्यात गेलो आणि माझ्या या सगळ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे झाली. धानोऱ्याकडच्या एका गावात रात्री रेला हे गोंडी नाचगाणं ऐकलं. मुली एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांगेत, समोर मुलं, ढोल, आणि एका बाजूने उचललेली ओळ दुसऱ्या बाजूने परत येणारी. गोंडी मला तेव्हा येत नव्हती. तरी काहीच उणं वाटलं नाही. ना रेकॉर्ड, ना कव्हर, ना छापलेलं नाव. गाणारी माणसं समोर होती, पायांची माती उडताना दिसत होती. तिथे मला स्वच्छ कळलं की संगीताला कव्हर लागत नाही. गाणारा समोरून उठून गेला की मग ते लागतं.

तो उठून गेलेला मी तिथेच, आठवडी बाजारात पाहिला. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायचे. "सर, का भरून देऊ? हिंदी, मराठी, गोंडी, सगळं आहे." एका कार्डात शेकडो गाणी. माझ्या फोनवर उघडून पाहिलं तर गोंडी गाण्यांना नावं 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', नाही तर कुठल्याशा वेबसाइटचं नाव. कोण गातं, कुठल्या गावचं, गाणं पारंपरिक की कुणी रचलेलं, काहीच नाही. आवाज तोच रेल्याचा आणि माणूस पुसलेला. मी ती गाणी ऐकली, पण त्यांच्याजवळ जाता आलं नाही. एकाचं दुसऱ्यापासून वेगळं काही लक्षात राहिलं नाही, आणि हा दोष गाण्यांचा नव्हता.

आता यूट्यूब आहे. एटापल्ली, भामरागड, पलीकडे बस्तर आणि आदिलाबादची तरुण मुलं गोंडीत गाणी करतात आणि त्यांना अल्बमच म्हणतात. बोटाएवढ्या चित्रात धानाचं शेत, मुलगा-मुलगी, मोठ्या अक्षरात गाण्याचं नाव, आणि कोपऱ्यात पुन्हा ती गोल चौकट. ती पाहिली की मला मनापासून आनंद होतो. बारा इंचांवरून चार इंचांवर आणि तिथून नखाएवढं झालं तरी कव्हर टिकून आहे.

माझं मत आता पक्कं आहे. चित्र सुंदर असेल तर ऐकण्यात भर पडते, नसेल तर फार बिघडत नाही. पण चेहरा आणि नाव नसेल तर गाणं अर्धंच पोचतं, आणि जी माणसं आधीच कुणाच्या मोजणीत नाहीत त्यांच्या बाबतीत तर तेवढंही पोचत नाही. म्हणून दोन गोष्टी मागतो. घरात जुन्या भीमगीतांच्या, भजनांच्या, दंडार या लोकनाट्याच्या कॅसेटी असतील आणि टेप खराब झाल्या असतील, तरी आतलं कार्ड टाकून देऊ नका, त्याचा नीट फोटो काढून ठेवा. आणि आपल्या भागातलं कुठलंही गाणं इंटरनेटवर चढवाल तेव्हा गाणाऱ्याचं, रचणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं आणि गावाचं नाव त्यावर लिहा. माहीत नसेल तर त्या गावात जाऊन विचारा. सांगणारी माणसं अजून आहेत.